रांजणगावचे इंजिन आणि रोजचे रनिंग

भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. शिरूरवाल्यांचा पुण्याला जायचा रस्ता नगर रोड, म्हणजे रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा, वाघोली. दौंडकरांचा सोलापूर रोड: पाटस, वरवंड, चौफुला, यवत, उरुळी कांचन, लोणी काळभोर. या दोन हमरस्त्यांना जोडणारा न्हावरामार्गे शिरूर-चौफुला रस्ता नदी ओलांडून जातो. या त्रिकोणात पोटापाण्यासाठी गाडी पळवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. औषध कंपनीचा प्रतिनिधी, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातला माणूस, बियाणे-खतांचा विक्रेता, जनावरांचा डॉक्टर, कुरकुंभ किंवा रांजणगावच्या एमआयडीसीत रोज ये-जा करणारा इंजिनिअर, अष्टविनायकाच्या फेऱ्या मारणारा टुरिस्टवाला. यांचे रनिंग रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर, वर्षाला तीस-पस्तीस हजार. पुण्यात कोथरूडहून शिवाजीनगरला ऑफिस गाठणाऱ्याची गाडी वर्षाला आठ-दहा हजारांच्या पुढे क्वचित जाते.

या दोघांना एकच गाडी योग्य ठरणे अवघड आहे. तरी शोरूममध्ये दोघेही एकच प्रश्न विचारतात, ‘ॲव्हरेज किती देते?’ डिझेलच्या बाबतीत या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: तुमचे रनिंग किती, आणि ते कसे?

डिझेलला ॲव्हरेज जास्त का?

डिझेल इंजिन या भागाला नवे नाही. वीज पोहोचायच्या आधी विहिरीचे पाणी उपसायला याच यंत्राचा आधार होता. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढे ‘इंजिन’ म्हटले की खेड्यात विहिरीवरचे डिझेल इंजिनच डोळ्यांपुढे यायचे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ मध्ये आपले पहिले यशस्वी इंजिन चालवून दाखवले होते. मूळ तत्त्व आजही तेच आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबतात आणि प्लगच्या ठिणगीने पेटवतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत नुसती हवा घेतात आणि ती सोळा-सतरा पट दाबतात. तेवढ्या दाबाने हवा इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. हवा जितकी जास्त दाबावी, तितकी जळणातून जास्त ताकद वसूल होते. पेट्रोल इंजिनात मात्र दहा-बारा पटींच्या फार पुढे गेले तर मिश्रण वेळेआधीच पेटून इंजिन ठोके मारू लागते. डिझेलच्या बचतीचे पहिले कारण हे.

दुसरे कारण ॲक्सिलरेटरमध्ये आहे. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर हवेच्या वाटेतली झडप उघडतो-मिटतो. निवांत चालवताना ती झडप बरीचशी मिटलेली असते, आणि त्या अरुंद वाटेतून हवा ओढण्यात इंजिनाची ताकद वाया जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी येते, कमी-जास्त होते ते फक्त डिझेल. म्हणून वरवंड-पाटस पट्ट्यावर टॉप गिअरमध्ये एकसारखी चाललेली डिझेल गाडी टाकी पुरवून पुरवून वापरते. तिसरे कारण साधे आहे. डिझेल पेट्रोलपेक्षा जड असते आणि एका लिटरात सुमारे दहा टक्के जास्त ऊर्जा असते.

त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांचा त्यात वाटा आहे आणि ऊस उत्पादकाला त्याचा फायदाही आहे. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. त्यामुळे पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज थोडे उतरणारच. डिझेलमध्ये हे मिश्रण नाही.

देशाचे इंजिन, शिरूर तालुक्याचा पत्ता

भारतातल्या डिझेल गाड्यांच्या भरभराटीचा एक मोठा अध्याय शिरूर तालुक्यातच लिहिला गेला, हे रोज कारखान्याच्या फाटकावरून जाणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. रांजणगावच्या महागणपतीपासून जवळच फियाटचा कारखाना आहे. टाटा मोटर्सशी भागीदारी झाल्यावर तिथे मोटारींबरोबर १.३ लिटरचे मल्टीजेट डिझेल इंजिनही बनू लागले. १२४८ सीसी, चार सिलिंडर, आणि ताकद टर्बोच्या प्रकाराप्रमाणे ७५ किंवा ९० हॉर्सपॉवर.

हे इंजिन फियाटने युरोपात २००३ मध्ये आणले. त्याआधी ‘कॉमन रेल’ पद्धत आली होती आणि तिचे बरेचसे मूळ संशोधनही फियाटच्याच गोटातले. पुढे ते बॉश कंपनीकडे गेले आणि १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ मध्ये प्रवासी मोटारीत पहिल्यांदा उतरले. जुन्या डिझेल गाडीत पंप प्रत्येक सिलिंडरला आळीपाळीने डिझेल ढकलायचा. कॉमन रेलमध्ये सगळे डिझेल एका जाड नळीत प्रचंड दाबाखाली तयार असते आणि कॉम्प्युटरच्या इशाऱ्यावर इंजेक्टर उघडतात. मल्टीजेटने एका स्फोटासाठी लागणारे डिझेल पाचपर्यंत तुकड्यांत फवारायची सोय केली. आधी थोडेसे, मग मुख्य फवारा, मग पुन्हा थोडे. त्यामुळे जुन्या डिझेलची खडखड, थरथर आणि काळा धूर बराच कमी झाला. शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावे लागायचे ते दिवस संपले.

मारुतीने २००७ मध्ये स्विफ्टमध्ये हेच इंजिन परवान्याखाली मानेसरला बनवून ‘डीडीआयएस’ नावाने बसवले. टाटांच्या इंडिका व्हिस्टात ते ‘क्वाड्राजेट’ झाले. फियाटच्या पुंतो आणि लिनियात ते मल्टीजेटच राहिले. स्विफ्ट-डिझायरला मागणी इतकी वाढली की २०१२ मध्ये मारुतीने फियाटशी करार केला आणि वर्षाला एक लाख इंजिने रांजणगावहून घ्यायचे ठरले. त्या काळात रस्त्यावरच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांचे बॉनेट उघडले तर आत एकच यंत्र सापडायचे.

त्याचे गुण-दोष दोन्ही चालवणाऱ्याला पहिल्या दिवशीच कळतात. स्विफ्टमध्ये ते २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर टॉर्क द्यायचे. त्याच काळातल्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनांचा टॉर्क ११०-११५ च्या घरात. म्हणजे डिक्कीत माल आणि मागे तीन माणसे असली तरी ओव्हरटेक करायला गिअर उतरवावा लागत नाही. पण २००० च्या खाली टर्बो जागाच होत नाही. गावातल्या स्पीडब्रेकरवर सेकंड गिअर टाकून बसले की गाडी मेल्यासारखी वाटते, आणि टर्बो जागा झाला की एकदम पुढे झेपावते. ज्याचे रनिंग हायवेवर आहे त्याला पहिला गुण दिसतो. ज्याचे वाघोलीच्या कोंडीत आहे त्याला दुसरा दोष.

लांब पाठीची गाडी आपल्याकडे का रुजली नाही

युरोपात अशा जास्त रनिंगवाल्यांची आवडती गाडी म्हणजे डिझेल एस्टेट. आपल्याकडे तिला स्टेशन वॅगन म्हणायची पद्धत होती. चालवायला कारसारखी, छप्पर मात्र शेवटपर्यंत नेलेले. मागची सीट पाडली की औषधांचे खोके, बियाण्यांच्या पिशव्या, पंपाचे सुटे भाग, सगळे आडवे मावते. उंच एसयूव्हीपेक्षा ती बुटकी, त्यामुळे वळणावर झुकत नाही आणि वारा कमी अडवते.

ही गाडी आपल्याकडे, आणि तीही पुणे जिल्ह्यात, बनली होती. टाटांनी १९९२ मध्ये ‘टाटा इस्टेट’ आणली आणि २००४ मध्ये इंडिगोची वॅगन ‘मरिना’, तीही १४०५ सीसीच्या डिझेल इंजिनासह. दोन्ही फार चालल्या नाहीत. डिक्की बाहेर आलेली गाडी म्हणजे प्रतिष्ठा, अशी समजूत होती, आणि वॅगन लोकांना मालवाहू वाटायची. जास्त जागा हवी असणाऱ्याला सात-आठ माणसे बसणारी गाडी हवी असायची. ती गरज १९९४ पासून सुमोने, मग क्वालिसने, पुढे इनोव्हाने भागवली.

त्यावर कराने शिक्कामोर्तब केले. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल असल्यास १२०० सीसी, डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आले. वॅगन स्वभावतःच लांब, तिला हा फायदा नाही. इंडिगोचीच शेपटी कापून २००८ मध्ये ‘इंडिगो सीएस’ निघाली आणि लांब पाठीची मरिना मागे पडली. आजच्या जीएसटीतही चार मीटरची रेघ कायम आहे. त्यामुळे इथल्या जास्त रनिंगवाल्याच्या वाट्याला आली चार मीटरच्या आतली डिझेल कार किंवा एर्टिगासारखी सात सीटर. एर्टिगात सुरुवातीला डिझेल इंजिन होते ते हेच १.३ लिटरचे.

हिशोब कागदावर मांडा

डिझेल गाडी विकत घेतानाच महाग. त्याच मॉडेलच्या पेट्रोलपेक्षा लाख-दीड लाखाने जास्त. वर महाराष्ट्रात खासगी मोटारीचा एकरकमी करही डिझेलला जास्त आहे. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३.

आता समजा पेट्रोल १०४ रुपये आणि गाडी लिटरला १५ देते. किलोमीटरला पडतात ६ रुपये ९३ पैसे. डिझेल ९१ रुपये आणि गाडी २० देते. पडतात ४ रुपये ५५ पैसे. फरक सुमारे २ रुपये ४० पैसे. डिझेलचे ऑइल जास्त लागते, फिल्टर महाग, क्लच प्लेट जड. त्यापोटी ४० पैसे सोडून द्या. उरले किलोमीटरला दोन रुपये. दीड लाख वसूल व्हायला ७५ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला तीस हजार रनिंग असेल तर अडीच वर्षांत पैसे फिटले, पुढचे सगळे बचतीत. आठ हजार असेल तर नऊ वर्षे उलटून जातील.

२०१२ च्या सुमारास या दोन इंधनांच्या दरात पंचवीस-तीस रुपयांची दरी होती. तेव्हा कमी रनिंगवालेही डिझेल घेत होते आणि देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींत निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. जानेवारी २०१३ पासून डिझेलचा दर महिन्याला थोडा थोडा वाढू लागला, ऑक्टोबर २०१४ मध्ये तो पूर्ण नियंत्रणमुक्त झाला आणि ती दरी निम्म्यावर आली. आज डिझेल मोटारींचा वाटा पाचव्या हिश्शाच्याही खाली आहे.

ॲव्हरेजचा आकडा कुठून घ्यायचा? जाहिरातीतला नको. तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणे चालवून काढलेला असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो बरा, तुमचा खर्च सांगायला नाही. खरा आकडा काढायचा तर पंपावर टाकी नोझल कट होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, चार-पाचशे किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरा. किलोमीटर भागिले लिटर. असे तीन-चार वेळा करून सरासरी धरा.

आणि वेग आवरा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. पन्नास किलोमीटरच्या मोकळ्या पट्ट्यात त्याने वाचतात साडेसात मिनिटे. ऊसतोडीच्या हंगामात, दिवाळीपासून मार्चपर्यंत, रात्री तर वेग आवरण्याला पर्यायच नाही. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटात झाकलेला. न्हावऱ्याच्या बाजूला तो दिसतो तेव्हा अंतर फार थोडे उरलेले असते.

बीएस-६ ने काय बदलले

डिझेलच्या बचतीची दुसरी बाजू धुराची आहे. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा असल्याचे जाहीर केले. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. मोटारीच्या धुरातील कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली आणि नायट्रोजन ऑक्साइडची २५० वरून ८० वर. एवढी सफाई छोट्या डिझेलमध्ये करायची तर किंमत फार वाढते. मारुतीने डिझेल बंद केले आणि १.३ मल्टीजेटही त्याच वेळी थांबले. रांजणगावचा कारखाना मात्र डिझेलमधून बाहेर पडला नाही. टाटा हॅरिअर आणि जीप कंपासला लागणारे दोन लिटरचे इंजिन तिथेच बनते.

बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. जाळी भरत आली की कॉम्प्युटर जास्तीचे डिझेल सोडून आतले तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे बऱ्यापैकी वेगाने सलग चालावी लागते. हे काम चालू आहे हे ओळखायचे कसे? उभ्या गाडीचे आरपीएम थोडे चढलेले असते, डिस्प्लेवरचे ॲव्हरेज एकाएकी पडते, गाडी बंद केल्यावरही फॅन जोरात फिरत राहतो. अशा वेळी लगेच चावी फिरवू नका. जमल्यास आणखी थोडे अंतर चालवा.

शिरूर-दौंडच्या हायवेवाल्याची जाळी आपोआप साफ होत राहते. शहरात चार-पाच किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीची होत नाही. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक वेळी न जळलेले डिझेल थोडे थोडे इंजिन ऑइलमध्ये उतरते. म्हणून डिपस्टिक काढून पाहताना पातळी कमी झाली का, एवढेच पाहू नका. ती खुणेच्या वर चढली असेल आणि ऑइल बोटाला पातळ लागत असेल, तर किलोमीटर पूर्ण व्हायची वाट न पाहता ऑइल बदला.

बऱ्याच गाड्यांत युरियाचे द्रावणही लागते, त्याला पंपावर डीईएफ किंवा ॲडब्लू म्हणतात. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी असते. घरात खताचे पोते आहे म्हणून ते बोअरच्या पाण्यात विरघळवून टाकायचा मोह होऊ देऊ नका. खताचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो आणि आपल्या पाण्यात क्षार भरपूर. दोन्ही मिळून फवाऱ्याची सुई आणि आतला महागडा कॅटलिस्ट निकामी करतात.

गाडी जपायची ती इथे

कॉमन रेलमध्ये दाब १६०० बारच्या घरात असतो. टायरमध्ये आपण भरतो ती हवा दोन-सव्वादोन बार. एवढ्या दाबाखाली इंजेक्टरच्या बारीक फटीत पाण्याचा थेंब किंवा कचऱ्याचा कण गेला की चारपैकी एक तरी इंजेक्टर जातोच. म्हणून डिझेल नेहमी खप असलेल्या पंपावर भरा, ड्रमातले टाळा आणि टाकी तळाला जाऊ देऊ नका. फिल्टरखालचा पाण्याचा नळ सर्व्हिसिंगला सोडायला सांगा. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला तर त्याच दिवशी गॅरेज गाठा.

टर्बोची चक्री मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते आणि तिला ऑइलचाच आधार असतो. हायवेवरून ताणून आणलेली गाडी ढाब्यावर थांबताच बंद केली तर ऑइल थांबते, चक्री मात्र फिरत असते. अर्धा-एक मिनिट चालू ठेवा, मग बंद करा. मल्टीजेटच्या जुन्या गाड्या आजही भरपूर फिरत आहेत. त्यांत टायमिंग बेल्ट नाही, साखळी आहे. ती वर्षानुवर्षे टिकते, पण ऑइल वेळेवर बदललेले असेल तरच. सकाळी पहिल्या स्टार्टला पुढून खळखळ आली तर मेकॅनिकला साखळी ऐकवा. ढिली साखळी सुटली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच उघडावे लागते.

मुरमाच्या रस्त्यावर आणि उसाच्या फडाजवळ फिरणाऱ्याने एअर फिल्टर पुस्तिकेत लिहिल्यापेक्षा लवकर बदलावा. डिझेलला हवा जास्त लागते, ती धुळीने अडली की काळा धूर येतो आणि ॲव्हरेजही जाते.

जुनी डिझेल गाडी घेताना मीटरच्या आकड्याला घाबरू नका. सर्व्हिसिंगच्या पावत्या असलेली, हायवेवर दीड लाख फिरलेली गाडी, शहरात पन्नास हजार रखडलेल्या गाडीपेक्षा बहुधा बरी निघते. मीटर मागे फिरवता येतो. पावत्यांवरच्या तारखा आणि किलोमीटर जुळतात का, ते पाहा. दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरच्या दिल्लीतल्या निर्बंधांच्या बातम्यांनी इथे अनेकांनी गाड्या मातीमोल विकल्या. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणी करून ती वाढवता येते.

मग घ्यायची कोणती?

छोटी गाडी, एकटे-दुकटे जायचे, वाटेत सीएनजी पंप आणि रांगेत थांबायला वेळ असेल, तर आज किलोमीटरला डिझेलपेक्षाही सीएनजी स्वस्त पडतो. मात्र सिलिंडर डिक्की खातो, आणि मालासकट फिरणाऱ्याची अडचण तिथेच होते. रनिंग वर्षाला पंधरा हजारांच्या आत असेल किंवा बरेचसे गावातल्या गावात असेल, तर पेट्रोल घ्या आणि डिझेलचा विचार सोडा. वर्षाला वीस-पंचवीस हजारांच्या पुढे रनिंग, त्यातले बहुतेक हायवेवर, गाडी भरलेली आणि किमान पाच-सहा वर्षे ठेवायची तयारी, या चारही गोष्टी जुळत असतील तर डिझेल आजही फायद्याचे आहे. गेल्या वर्षभराचे रनिंग सर्व्हिसिंगच्या पावत्यांवरून काढा आणि तो आकडा हातात घेऊनच शोरूमची पायरी चढा.